बाळ बघत नाही तेव्हा



1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिरजेत रुग्णालय उभारलं, तेव्हापासून पार कर्नाटकातूनही माणसं उपचारासाठी या गावाची वाट धरत आली आहेत.

नवजात बाळांच्या आनुवंशिक दृष्टिपटलरोगांवरची परिषद याच भागात भरावी, असा आमच्या स्वागत समितीचा आग्रह होता. मामाच्या मुलीशी लग्न इकडे अजूनही होतं. अशा नात्यातल्या नवराबायको दोघांकडे एकाच जनुकाची सदोष प्रत असण्याची शक्यता जास्त; आणि तशी ती असेल, तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. यात कुणा आईचा दोष नाही, हे आपण डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं पाहिजे.

नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी 1869 मध्ये नोंदवलेलं जन्मजात अंधत्व याच जातीचं. बाळाचे डोळे भिरभिरतात, आईच्या चेहऱ्यावर ठरत नाहीत. ते मुठी डोळ्यांत खुपसत राहतं. सुरुवातीला पडदा तपासला तर ठीकही दिसतो, म्हणून पडद्याचे विद्युत-संकेत मोजणारी ईआरजी तपासणी करावी लागते. घरात मात्र दृष्ट काढली जाते आणि ‘बघेल हळूहळू’ म्हणता म्हणता वर्ष सरतं.

तेच वर्ष मोलाचं असतं. एआयपीएल1 जनुकातल्या दोषामुळे जवळजवळ अंध असलेल्या चार मुलांच्या एकेका डोळ्यात 2020 मध्ये लंडनला त्या जनुकाची निरोगी प्रत सोडली गेली. चौघंही तीन वर्षांच्या आतली. त्याचे निष्कर्ष 2025 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: उपचार केलेल्या डोळ्याला दिसू लागलं, दुसऱ्यात मोजण्याइतकीही दृष्टी उरली नाही.

अशाच अंधत्वाला कारण ठरणाऱ्या आरपीई65 जनुकावरचं औषध अमेरिकेत 2017 मध्ये मंजूर झालं, तेव्हा दोन्ही डोळ्यांची किंमत होती साडेआठ लाख डॉलर. ती आपल्या आवाक्याबाहेरची आहे, हे मला ठाऊक आहे. पण वेळेवर निदान आवाक्यात आहे. त्यातून पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला मिळतो, उरलेल्या नजरेला वळण लावता येतं आणि उद्या उपचार आला तर मूल वेळेत पोचतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरहूनच सुरू झाला. त्याच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलरोगही आहे; हे आनुवंशिक दृष्टिपटलरोग मात्र नावाने नाहीत. साडेतीन महिन्यांच्या डोसला आलेलं बाळ आईकडे टक लावून बघतं का, हे लस देणाऱ्या ताईंनी पाहावं आणि बघत नसेल तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावं, असा ठराव उद्या मंजूर करून आरोग्य विभागाकडे धाडावा, ही माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.