जन्मवजनाचा रकाना

  सातारा-सांगलीतल्या आपल्या डॉक्टरांच्या या सभेत अध्यक्ष म्हणून रक्तदाबावरच्या उपचारांचा आढावा मी घ्यावा, अशी सूचना होती. औषधांबद्दल पुढच्या सत्रांत जाणकार बोलतीलच. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बरीच वर्षं मनात साठली आहे.

आपल्या केसपेपरवर तंबाखू असते, दारू असते, वडिलांचा मधुमेह असतो. हा माणूस जन्मला तेव्हा किती किलोचा होता, हे मात्र आपण विचारत नाही. का विचारत नाही?

माण तालुक्यातले दोघे भाऊ माझ्याकडे येत. थोरला 1970चा, तंबाखू खाणारा, तरी रक्तदाब ठीक. धाकटा 1973चा; निर्व्यसनी, किडकिडीत, शेतात राबणारा. चाळिशीच्या आतच त्याचा दाब 180च्या वर. एकदा आई सोबत आली. हा पोटात असताना काय खात होतात, असं विचारलं. म्हातारी म्हणाली, “दुष्काळ न्हवता का! सुकडी मिळंल ती खायाची. आठवा लागला तरी खडी फोडत हुते. ह्यो एवढासा झाला.” आणि तिनं ओंजळ पुढे केली.

आनुवंशिकता की राहणीमान, हा वाद आपल्या बैठकांत दर वर्षी रंगतो. इथं आई एक, बाप एक, चूल एक. वेगळे होते ते पोटातले नऊ महिने. माझ्यापुरता वाद त्या दिवशी मिटला.

गर्भाला पोषण अपुरं पडलं, की तो रक्त मेंदूकडे वळवतो. मेंदू वाचतो, मूत्रपिंड आणि स्नायू उपाशी राहतात. नेफ्रॉन कमी घडतात आणि जन्मानंतर नवे तयार होत नाहीत. उच्च रक्तदाबाचं एक मूळ तिथं आहे, अशी मांडणी मूत्रपिंडतज्ज्ञ ब्रेनर यांनी 1988मध्ये केली. महाधमनीला लवचीकपणा देणारं इलॅस्टिन मुख्यतः गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत आणि तान्हेपणी साठतं. ते कमी पडलं, की रक्तवाहिनी लवकर ताठर होते. पन्नाशीतल्या रुग्णाला आपण मीठ कमी करा म्हणतो. त्याच्या धमनीचा पाया कधीच घालून झालेला असतो.

डेव्हिड बार्कर यांनी 1989मध्ये जन्मवजन आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचं नातं दाखवलं, ते इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यातल्या नोंदवह्यांवरून. 1911पासून तिथल्या परिचारिका बाळांची वजनं लिहीत होत्या आणि कुणीतरी ती बाडं जपली. आपल्याकडे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो; स्नायू कमी, पण चरबी टिकून. पालेभाज्या, फळं, दूध खाणाऱ्या आयांची बाळं मोठी, अतिकष्ट करणाऱ्यांची लहान. खडी फोडणाऱ्या त्या माउलीनं हेच सांगितलं होतं.

“वजन कळलं तरी आता करणार काय?” असं मला ऐकवलं जातं. पुष्कळ करता येतं! लहान जन्मलेलं मूल पुढे झपाट्यानं जाड झालं, तर धोका वाढतो. त्याचा रक्तदाब शाळेतच मोजायला हवा. वाळलेलं पोर म्हणून त्याला तूप-साखर चारणाऱ्या आजीला समजावायला हवं.

आजही आपल्याच साखर कारखान्यांच्या उसाच्या फडात बीडकडच्या गरोदर बाया डोक्यावर मोळ्या वाहतात. पहाटे कोपीबाहेर पडायचं, दिवसभर तोड, रात्री ट्रॉली भरायची. तपासणीचं कार्ड गावी राहिलेलं. बाळंतपण जिथं होईल तिथं. ते मूल चाळीस वर्षांनी कुणाच्या तरी दवाखान्यात येईल आणि त्याचं जन्मवजन कुठेही सापडणार नाही. आपल्या जिल्ह्यांची साखर या बायांच्या कष्टावर निघते. त्यांच्या तळावर वजनकाटा नेणं हे आपलं काम नाही, असं इथं कुणी म्हणू नये.

केसपेपरवर जन्मवजनाचा रकाना असावा, आठवत नसेल तर आईला विचारावं, असा ठराव मी आज मांडतो. दोन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या प्रसूतिगृहांची रजिस्टरं रद्दीत जाण्याआधी गोळा करावी लागतील. त्यासाठी समिती नेमू. कामाचा तपशील ती ठरवील. ठरावाला अनुमोदन कोण देतं?