सोर्स पाहायला मिळणे आणि सोर्सवर हक्क असणे
(मंडळाच्या सभेतील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्रंकेत मोडीतले जुने दस्त आहेत. कागद आपला, पण वाचता येत नाही. वाचून सांगणाऱ्यावर भरवसा ठेवायचा. विकत घेतलेल्या संगणकातली ऑपरेटिंग सिस्टीम बहुधा अशीच 'बायनरी' रूपात येते. ती यंत्राला कळते, आपल्याला नाही. माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे 'सोर्स', कंपनीकडेच राहतो. तेवढा सोर्स मिळाला की झाले, असे अनेकांना वाटते. मला ते पुरेसे वाटत नाही. युनिक्सचेच उदाहरण घ्या.

युनिक्स अमेरिकेतील एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली सुरू झाले. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे कंपनीला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे विद्यापीठांना युनिक्स सोर्ससकट, अगदी किरकोळ शुल्कात मिळत गेले. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यावर विद्यार्थ्यांसाठी टीकाग्रंथ लिहिला. पण १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली, तिच्या परवान्यात सोर्स वर्गात शिकवण्यास मनाई होती. सोर्स विद्यापीठाच्या कपाटात, आणि प्राध्यापकाला तो फळ्यावर लिहिता येत नाही! लायन्स यांचे पुस्तक झेरॉक्सची झेरॉक्स करून जगभर फिरले. ते रीतसर प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडले.

१९८४ मध्ये कंपनीचे विभाजन झाले आणि धंद्याची मुभा मिळाली. मग सोर्सचा परवाना मोठ्या संस्थांनाच झेपेल इतका महागला. बर्कलीच्या मंडळींनी कंपनीचा मजकूर वगळून, स्वतः लिहिलेला भाग १९९१ मध्ये खुला केला, तर दुसऱ्याच वर्षी कंपनीच्या उपकंपनीने दावा ठोकला. १९९४ च्या तडजोडीत सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त ३. एवढ्यासाठी दोन वर्षे गेली.

तिकडे अ‍ॅमस्टरडॅमला अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठीच मिनिक्स लिहिले (१९८७). मिनिक्स वापरणाऱ्या हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स आणले आणि १९९२ मध्ये ते जीपीएल परवान्याखाली ठेवले. त्याची अट अशी, की ज्याला बायनरी द्याल त्याला सोर्सही द्या, आणि तो बदलून पुढे वाटण्याचा हक्कही द्या.

२००३ पासून मायक्रोसॉफ्टनेही सरकारांना विंडोजचा सोर्स पाहू देण्याची योजना चालवली. पाहू देण्याची, बरे का! १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबली, तेव्हा त्या पाहण्याच्या जोरावर कोणाला ती स्वतः पुढे चालू ठेवता आली नसती.

भारत सरकारने २०१५ मध्ये धोरण जाहीर केले, की सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला पसंती द्यावी आणि ते वगळायचे असेल तर पुरवठादाराने कारण द्यावे. हे केंद्राच्या कार्यालयांना लागू आहे. राज्यांनी स्वीकारायचे की नाही, ते राज्यांवर सोडले आहे. म्हणून आपल्या राज्याने ते स्वीकारले आहे का, हे आधी आमदारांना विचारू या. शाळांसाठी संगणक घेताना परवाना कोणता घेतला आणि त्यात बदलण्या-वाटण्याचा हक्क आहे का, ते माहिती अधिकारात मागू या. अर्जाचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे.