शाळेची वेळ, मुलांची झोप आणि आपले रुग्णालय
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही आपल्यापुढे जमाखर्च, खाटांची संख्या आणि शस्त्रक्रियांचा तपशील मांडतो. ती सर्व माहिती अहवालाच्या पुढील पानांवर दिलेली असल्याने तिची पुनरुक्ती करीत नाही. आज अध्यक्षांच्या अनुमतीने आम्ही शाळेच्या वेळेविषयी बोलणार आहोत. रुग्णालयाच्या प्रशासकाने शाळेच्या घंटेविषयी का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा विषय नव्हे आणि शिक्षणशास्त्र तर नव्हेच. परंतु हा विषय आमच्यापुढे आला तो हिशेबाच्या वहीतूनच.

धर्मादाय रुग्णालयांना आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी ठेवावी लागते, हे विश्वस्तांस ठाऊक आहेच. सन २०२४-२५ चे हे खाते मार्चअखेर तपासत असताना एकाच मुलीचे नाव तीन ठिकाणी आढळले. ऑगस्ट, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी. प्रथम आम्हांस वाटले की एकच नोंद चुकून पुन्हा झाली असावी. म्हणून केसपेपर मागविले. तिन्ही नोंदी खऱ्या निघाल्या. मुलगी नववीत शिकणारी, आणि तिन्ही वेळा दाखल होण्याचे कारण एकच : आकडी. औषध निधीतून विनामूल्य दिले जात होते व ती ते नियमित घेत होती. मग निधीचा पैसा तीनदा का खर्ची पडला, एवढाच आमचा प्रश्न होता.

त्याचे उत्तर आमच्या डॉक्टरांनी दिले. अपस्माराचा एक प्रकार किशोरवयातच डोके वर काढतो. सकाळी झोपेतून उठल्यावर हातांना अचानक झटके बसतात. दात घासताना ब्रश गळून पडतो, चहाचा कप हातातून सुटतो. घरचे लोक धांदरटपणा म्हणून रागावतात. पुढे एखाद्या सकाळी मोठी आकडी येते आणि मग धावाधाव होते. योग्य औषधाने हा विकार बहुतेकांच्या बाबतीत चांगला आटोक्यात राहतो. मात्र अपुरी झोप ही त्याची मोठी वैरीण. औषध चालू असले तरी चार-पाच तासांच्या झोपेनंतर उठविलेल्या मुलास आकडी येऊ शकते. या मुलीच्या तिन्ही तारखा परीक्षेच्या आसपासच्या होत्या.

तिच्या आईस बोलावून घेतले. आई चार घरी पोळ्या करते, वडील टेम्पो चालवितात. मुलीची शिकवणी रात्री नऊला सुटते. एका खोलीचे घर. वडील आल्यावर जेवणे, आवराआवर, त्यानंतर हिचा अभ्यास. झोपावयास साडेअकरा-बारा वाजतात. पहाटे पाचला नळाला पाणी येते तेव्हा सारेच उठतात, आणि सात वाजता शाळा भरते. आईने सहज सांगितलेली एक गोष्ट मात्र आमच्या मनात रुतून बसली. आठवीपर्यंत मुलीची शाळा दुपारी साडेबारास भरत असे. पाणी भरून झाले की ती पुन्हा दोन तास झोपत असे. जून २०२४ पासून शाळेने सत्रे बदलली. तिचा तिसरीतला धाकटा भाऊ दुपारच्या सत्रात गेला आणि ही सकाळच्या.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळांचा फेरविचार व्हावा, अशी सूचना तत्कालीन राज्यपाल श्री. रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये केली होती. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने पूर्व प्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून काढला. ज्या शाळांना वेळ बदलणे अडचणीचे असेल त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे, अशी सोयही त्यात होती. हेतू चांगला होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. सहा-सात वर्षांचे मूल पहाटे अर्धवट झोपेत रिक्षात बसताना कोणी पाहिले नाही?

परंतु ज्या शाळेची एकच इमारत दोन सत्रांत वापरली जाते, तिने काय करावे? वर्गखोल्या तेवढ्याच. लहानांना सकाळच्या सत्रातून काढले, तर ती रिकामी झालेली जागा मोठ्यांनीच भरावयाची. या मुलीच्या शाळेत नेमके तेच झाले. शिक्षण हक्क कायद्याने वर्षाचे शिकविण्याचे तासही ठरवून दिलेले आहेत. पहिली ते पाचवीस ८०० आणि सहावी ते आठवीस १०००. त्यामुळे सत्र आखडून मधला मार्ग काढण्यासही फार वाव राहत नाही.

आता डॉक्टरांकडून आम्ही जे शिकलो ते सांगतो. अंधार पडल्यावर मेंदूतून मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागते व झोप येते. वयात येताना हे स्रवणे उशिरा सुरू होते. कित्येकदा एक ते दोन तासांनी. म्हणजे आठ वर्षांच्या मुलास नऊ वाजता झोपविता येते, पण पंधरा वर्षांच्या मुलीस 'झोप आता' म्हणून झोप येत नाही. तो आळस नव्हे, हट्टही नव्हे. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांसाठी आठ ते दहा तास झोप सुचविली आहे. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत असे म्हटले होते. त्यांचा आग्रह मोठ्या मुलांसाठी होता, हे येथे लक्षात घ्यावे. सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७ वाजून ५० मिनिटांवरून ८ वाजून ४५ मिनिटांवर नेली. मुले त्यामुळे आणखी उशिरा झोपतील असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. आणि पाहणी केलेल्या दोन शाळांपैकी जेथे गरीब घरची मुले अधिक होती, तेथे उशिरा येण्याचे व गैरहजेरीचे प्रमाणही घटले.

परदेशाचे दाखले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे आम्ही जाणतो. मात्र आपल्या पश्चिमेकडील भागाची एक जादा अडचण आहे. भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटांनी पुढे आहे. जुन्या मंडळींना आठवत असेल, १९५५ पर्यंत मुंबईत स्वतंत्र 'बॉम्बे टाइम' पाळला जात असे. घड्याळात सात वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने सहा वाजून वीस मिनिटेच झालेली असतात. जानेवारीत तर मुंबईत सूर्योदयच सातनंतर होतो. तेव्हा सातची शाळा म्हणजे अंधारात उठणे, अंधारात डबा भरणे आणि अंधारातच घर सोडणे. अर्थात सकाळच्या शाळेस काही आधार नाही असेही नव्हे. मार्च २०२५ मध्ये उष्णतेमुळे राज्यभरातील शाळा सकाळी सातपासून भरविण्याचे निर्देश निघाले, आणि उन्हाळ्यात विदर्भातील पालकांना त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या परिचारिका भगिनींची बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वी मुलगा पावणेसातला शाळेच्या रिक्षात बसला की आई निश्चिंत मनाने सकाळच्या पाळीस येत असे. आता शाळा दुपारी. आठ वर्षांच्या मुलास झोपलेला ठेवून, शेजारच्या आजींच्या भरवशावर त्या ड्यूटीवर येतात. मुलास झोप मिळाली, आईची मात्र उडाली. काही भगिनींच्या पाळ्या आम्ही बदलून दिल्या. सर्वांच्या देता आल्या नाहीत, कारण वॉर्ड रिकामा ठेवता येत नाही. याबद्दल काहींची नाराजी आहे व ती रास्त आहे.

आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. या मुलीच्या तिन्ही डिस्चार्ज कार्डांवर 'पुरेशी झोप घ्यावी' हे वाक्य छापलेले होते. ते सर्वच कार्डांवर छापलेले असते. पुरेशी म्हणजे किती, आणि ती कोठून आणावी, हे तिला कोणीही विचारले नव्हते. याहून वाईट म्हणजे आमचा आकडीच्या रुग्णांचा बाह्यरुग्ण विभाग मंगळवारी सकाळी ९ ते १२ चालत असे. तपासणीस यावयाचे तर शाळा बुडवावी लागे. बुडालेला अभ्यास वही आणून रात्री जागून पूर्ण करावा लागे. म्हणजे तिच्या झोपेवर आम्हीही हात मारीत होतो, आणि वर औषधाचा खर्च निधीत टाकीत होतो.

डॉक्टरांनी शाळेस पत्र लिहिले आणि ते घेऊन आम्ही स्वतः मुख्याध्यापकांना भेटलो. तक्रार घेऊन आलो असे त्यांना वाटू नये, अशी आमची धडपड होती. त्यांनी आम्हांस शाळेची इमारत फिरून दाखविली. बारा खोल्या आणि दोन सत्रे. "खोली दाखवा, उद्या वेळ बदलतो," असे ते म्हणाले, व त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. तथापि जून २०२५ पासून त्यांनी त्या मुलीस वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिसऱ्या तासिकेस येण्याची मुभा दिली आणि हजेरी पूर्ण धरण्याचे मान्य केले. आठवड्यातील सहा दिवसांपैकी चार दिवस तिच्या वर्गाच्या पहिल्या तासिका शारीरिक शिक्षण व चित्रकलेच्या ठेवल्या. उरलेल्या दोन दिवशी तिचे गणित बुडते. ते ती मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून घेते. पहाटेचे पाणी आता वडील भरतात.

रुग्णालयात आम्ही दोन बदल केले. मंगळवारचा तो विभाग दुपारी ३ ते ६ केला. आणि बारा वर्षांवरील मुलांच्या केसपेपरवर तीन रकाने वाढविले : झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, शाळा भरण्याची वेळ. डोकेदुखी, चक्कर, चिडचिड अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलांचेही हे रकाने भरले जातात. रकाने भरण्यास अर्धा मिनिट लागतो. दुपारच्या विभागासाठी मात्र डॉक्टरांचा जादा वेळ आणि ईईजी यंत्रावरील तंत्रज्ञाची जादा पाळी लागते, व तो खर्च अद्याप कोणत्याही देणगीत बसलेला नाही. देणगीदारांपुढे आम्ही तो नम्रपणे ठेवीत आहोत.

आपल्यापैकी अनेक मान्यवर शिक्षण संस्थांच्या कार्यकारी मंडळांवरही आहेत. त्यांना आमची आणखी एक विनंती आहे. सत्रे बदलण्याचा ठराव आपल्यापुढे येईल तेव्हा लहानांच्या जागी सकाळी कोण येणार आहे, हे मंडळाच्या बैठकीत एकदा विचारावे. आणि आजारी मुलाचे असे पत्र आले तर त्यास उपस्थितीच्या नियमाकडे बोट दाखवून परत पाठवू नये.

त्या मुलीविषयी. शाळेमुळे तिला हा आजार झाला असे डॉक्टर म्हणत नाहीत व आम्हीही म्हणत नाही. आजाराचे मूळ तिच्यात होतेच. जूनपासून तिला एकदाच झटके आले, तेही गणेशोत्सवात आरासीसाठी रात्रभर जागल्यानंतरच्या सकाळी. दाखल करावे लागले नाही. या वर्षी ती दहावीत आहे. बोर्डाचे पेपर अकरा वाजता सुरू होतात, त्यामुळे त्यांची धास्ती नाही. मागील मंगळवारी दुपारी तिची आई आमच्या कार्यालयात आली आणि म्हणाली, "साहेब, पुढं अकरावीचं कॉलेज सकाळी सातलाच भरतं म्हणतात. तिथंही चिठ्ठी चालंल का?" आम्ही डॉक्टरांच्या पत्राची एक प्रत काढून, महाविद्यालयाच्या नावाची जागा कोरी ठेवून, तिच्या हाती दिली.