क्वार्टरचे छप्पर आणि रात्रपाळीची झोप
(शाखा मेळाव्यातील भाषण)



पगार, भत्ते, बढती यांवर आपण नेहमीच बोलतो. आज मी छप्पर, भिंत आणि खिडकीवर बोलणार आहे. रात्रपाळी संपवून आलेला पॉइंट्समन किंवा आर.एम.एस.मधला सॉर्टर दुपारी ज्या खोलीत झोपतो, ती भट्टीसारखी तापत असेल तर त्याला झोप कशी लागणार? आणि झोप न झालेला माणूस रात्री पुन्हा ड्युटीवर उभा राहतो. म्हणजे हा प्रश्न गाडीच्या सुरक्षेचाही आहे.

सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. इमारती एकमेकींना खेटून असल्या की वारा अडतो आणि तापलेल्या भिंतींना रात्री निवायला मोकळे आकाश मिळत नाही. त्यात एसी आपली गरम हवा गल्लीत फेकतात. ज्याच्याकडे एसी नाही, तो शेजाऱ्याची उष्णताही सोसतो.

हे ज्ञान नवे नाही. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने उजेड-वाऱ्यासाठी ६३॥ अंशांचा नियम आणला. सोप्या भाषेत, समोर जितकी मोकळी जागा, तिच्या साधारण दुप्पट इमारतीची उंची. पुढे गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या सात-आठ मजली इमारती जेमतेम ३ मीटर अंतरावर उभ्या राहिल्या. गरिबाच्या वाट्याला आला की नियम असा आखडतो!

अहमदाबादेत मे २०१०मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३मध्ये तेथे उष्णतेविरुद्ध कृती आराखडा आला आणि २०१७मध्ये गरीब वस्त्यांची छपरे पांढरी रंगवण्याचे काम हाती घेतले गेले. पांढरे छप्पर ऊन परतवते. त्याला मोठा खर्च लागत नाही.

म्हणून आपल्या मागण्या अशा :
१) दर उन्हाळ्यापूर्वी क्वार्टर्स आणि रनिंग रूमच्या गच्चीला चुना.
२) पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा, समोरासमोर हवेला वाट.
३) नव्या क्वार्टर्समध्ये पुरेसे अंतर, जुनी झाडे कायम.

प्रत्येक शाखेने एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरील खोलीचे दुपारी दोनचे आणि रात्री दहाचे तापमान वहीत नोंदवावे. पी.एन.एम.च्या बैठकीत नुसती तक्रार नको, आकडे ठेवू.

कामगार एकजुटीचा विजय असो!