वैद्यकीय संशोधनातील तुलना आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्याविषयी व्याख्यान म्हटले की स्वच्छता, आहार आणि व्यसनमुक्ती हे विषय ओघाने येतातच. ते महत्त्वाचेही आहेत. परंतु आज आम्ही आपले लक्ष एका वेगळ्या प्रश्नाकडे वेधू इच्छितो. डॉक्टर आपल्याला औषध लिहून देतात. ते औषध गुणकारी आहे हे ठरते कसे? ते ठरवतो कोण? आणि ते ठरवण्यासाठी ज्यांच्यावर प्रयोग होतो ती माणसे कोणाच्या घरची असतात?

आपल्या वस्त्यांमध्ये औषधांची ख्याती कानोकानी पसरते. "अमक्याला त्या गोळीने गुण आला", "तमक्याने तो काढा घेतला आणि खोकला गेला", असे आपण रोज ऐकतो. सांगणारा खोटे बोलत नसतो. पण खोकला आपोआप गेला असता की काय, हे त्याला ठाऊक नसते. पुष्कळसे आजार शरीर स्वतःच बरे करते. काही आजार कमी-जास्त होत राहतात, आणि माणूस औषधाकडे धावतो तो नेमका आजार अगदी वाढलेला असताना. त्यानंतर थोडा उतार पडणारच असतो, आणि श्रेय मात्र औषधाला मिळते. म्हणून औषध घेऊन किती बरे झाले एवढे मोजून भागत नाही. न घेता किती बरे झाले, हेही मोजावे लागते. यालाच तुलनात्मक अभ्यास म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी निवडले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. तरीही ब्रिटिश आरमाराने खलाशांना लिंबाचा रस देण्याचा नियम केला तो १७९५ च्या सुमारास. पुरावा हाती आला तरी तो व्यवहारात उतरायला किती काळ जातो, याचे हे उदाहरण आहे.

आता आपण एकच रोग घेऊन पुढे जाऊ. तो रोग म्हणजे क्षय. चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून राहणाऱ्या आपल्या समाजाला या रोगाची ओळख करून देण्याची गरज नाही.

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीन या औषधाचा शोध लागला. क्षयाच्या जंतूंवर ते प्रभावी असल्याचे प्रयोगशाळेत दिसले होते. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये हे औषध फारच थोडे उपलब्ध होते, सर्वांना पुरणे शक्य नव्हते. तेव्हा तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेने १०७ रुग्णांचा अभ्यास हाती घेतला. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसीन आणि पूर्ण विश्रांती, तर ५२ जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे केवळ विश्रांती, असे दोन गट पाडण्यात आले. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले नव्हते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने ते आधीच यदृच्छेने ठरवून बंद लिफाफ्यांत ठेवले होते. आपण चिठ्ठ्या टाकतो, तसाच हा प्रकार. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील ४ रुग्ण दगावले होते, दुसऱ्या गटातील १४. छातीचे फोटो तपासणाऱ्या तज्ज्ञांना कोणता फोटो कोणत्या गटातील रुग्णाचा आहे हे सांगितलेले नव्हते. हा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला आणि पुढील संशोधनाचा तो पाया ठरला.

येथे विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. चिठ्ठ्या का टाकायच्या? कारण डॉक्टर हाही माणूसच आहे. ज्याची प्रकृती बरी, ज्याच्या जगण्याची आशा अधिक, त्याला नकळत नव्या औषधाच्या गटात घालण्याचा मोह होतो, आणि मग औषध आहे त्यापेक्षा चांगले दिसते. चिठ्ठीला तोंडे ओळखता येत नाहीत. फोटो तपासणाऱ्याला गट का सांगायचा नाही? कारण आपल्याला जे दिसावेसे वाटते ते दिसू लागते. तुलनेचे सारे नियम माणसाच्या या दुबळेपणाला आवर घालण्यासाठीच आहेत.

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या काळात भारतात क्षयाचे रुग्ण लाखोंनी होते आणि क्षयरोग्यांसाठी असलेल्या खाटा काही हजार. मोकळी हवा, सकस आहार, वर्षभर विश्रांती, असा सॅनिटोरियमचा उपचार ज्याला मिळेल तो भाग्यवान, अशी समजूत होती. गरीब माणसाला खाट मिळत नसे, आणि मिळालीच तर घरची चूल विझत असे. अशा वेळी १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचे ते संयुक्त काम होते. वॉलेस फॉक्स हे त्याचे पहिले प्रमुख.

या केंद्राने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. औषधे तीच असतील, तर सॅनिटोरियममध्ये राहणारा रुग्ण आणि आपल्या कोंदट घरात राहणारा रुग्ण यांच्यात किती फरक पडतो? मद्रासच्या गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी झाली. दोन्ही गटांना आयसोनियाझिड आणि पास ही औषधे वर्षभर देण्यात आली. घरच्या गटाकडे आरोग्यसेविका अचानक भेट देत, उरलेल्या गोळ्या मोजत आणि औषध पोटात जाते की नाही हे लघवीच्या तपासणीवरून पाहत.

निकाल १९५९ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर सॅनिटोरियममधील ९२ टक्के रुग्णांचा रोग शांत झाला होता आणि घरी उपचार घेणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांचा. सॅनिटोरियममधील रुग्णांचा आहार चांगला होता, विश्रांती जास्त होती आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. तरीसुद्धा रोग बरा होण्यात मोठे अंतर पडले नाही. रुग्ण घरी राहिल्यामुळे मुलाबाळांना अधिक बाधा होईल ही मोठी धास्ती होती. घरातील माणसांची पाच वर्षे पाहणी केल्यावर तीही निराधार ठरली.

बंधू-भगिनींनो, या एका तुलनेचे मोल केवढे आहे! क्षय झालेल्या माणसाला घराबाहेर काढण्याचे वैद्यकीय कारण त्यामुळे नाहीसे झाले. जगभर घरच्या घरी उपचाराची पद्धत रूढ झाली. आज गल्लीतील आरोग्य केंद्रातून क्षयाची औषधे मिळतात, याच्या मुळाशी मद्रासच्या त्या १९३ गरीब माणसांचे सहकार्य आहे. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांचे ऋण आपल्यावर आहे.

मात्र तुलनेचा निकाल वाचतानाही सावध राहावे लागते. मद्रासच्या अभ्यासावरून काहींनी असा अर्थ काढला की क्षयात आहाराला महत्त्व नाही, गोळ्या घेतल्या की झाले. अभ्यासाने तसे म्हटलेच नव्हते. घरी की सॅनिटोरियममध्ये, एवढाच त्याचा प्रश्न होता. उपाशी घरात क्षय अधिक पसरतो काय, हा प्रश्न त्यात विचारलाच नव्हता.

तो प्रश्न आपल्याच देशात कसोशीने विचारला जायला पुढे साठ वर्षे लागली. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमधील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. मद्रासचे ते जुने केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते, तिचाही यात सहभाग होता. क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे यांची नोंद झाली. सर्व रुग्णांना औषधांबरोबर सहा महिने शिधा देण्यात आला. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या त्या घरातील इतर माणसांसाठी. निम्म्या विभागांत कुटुंबीयांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या, उरलेल्या विभागांत मिळाल्या नाहीत. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. तसेच ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी असल्याचे आढळले.

म्हणजे दोन्ही अभ्यास खरे आहेत. औषध नियमित घेतले तर रोग घरी राहूनही बरा होतो हे पहिल्याने सांगितले. घरात पुरेसे अन्न असेल तर तो दुसऱ्याला होण्याचे टळते हे दुसऱ्याने सांगितले. क्षयाच्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ही भीक नाही. हा उपचाराचाच भाग आहे, हे आता पुराव्याने सिद्ध झालेले आहे. आपल्या वस्तीतील किती रुग्णांच्या खात्यात ती रक्कम वेळेवर जमा होते, याची चौकशी सभासदांनी जरूर करावी.

आता या विषयाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. तुलना म्हटली की एका गटाला नवा उपचार मिळत नाही. हा दुसरा गट कोणाचा? अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ साली तेथील सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना रोगाचे खरे नाव सांगण्यात आले नाही. "तुमचे रक्त बिघडले आहे", एवढेच सांगितले गेले. १९४० च्या दशकात पेनिसिलीन उपलब्ध झाले, तरी ते त्यांना मिळू दिले नाही. रोग पुढे काय करतो हे पाहत राहणे चालूच होते. १९७२ साली वृत्तपत्रांनी वाचा फोडली तेव्हा हा प्रकार थांबला, आणि १९९७ साली राष्ट्राध्यक्षांनी देशाच्या वतीने माफी मागितली. समाजाने ज्यांना खालचे मानले त्यांचे शरीर फुकटात वापरता येते, ही वृत्ती त्यामागे होती. ही वृत्ती आम्ही आपल्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या मुंबईतही असा प्रश्न उपस्थित झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी साध्या व्हिनेगरच्या साहाय्याने करावयाची तपासणी उपयोगी पडते काय, हे पाहण्यासाठी टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ही तपासणी केली, आणि त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा लाभ मोठा आहे. परंतु दुसऱ्या गटातील स्त्रियांना केवळ आरोग्यशिक्षण देण्यात आले, तपासणी नाही, यावर टीका झाली. देशात सर्वसाधारण स्त्रीला अशी तपासणी मिळतच नव्हती, असे संशोधकांचे म्हणणे होते. टीकाकार म्हणत होते, मिळत नव्हती हाच तर अन्याय! दोन्ही बाजू आपण ऐकून घ्याव्यात आणि आपापल्या बुद्धीने विचार करावा.

यावर काहीजण म्हणतील, मग अशा अभ्यासात आपण भागच घेऊ नये. आम्हाला हे मान्य नाही. आपण बाहेर राहिलो तर आपल्या घरांसाठी, आपल्या अन्नासाठी, आपल्या कामाच्या वेळांसाठी योग्य असा उपचार कोणी शोधणार नाही. सहभाग घ्यावा, पण उघड्या डोळ्यांनी. अभ्यास कशाचा आहे आणि तुलना कशाशी आहे, हे विचारावे. दुसऱ्या गटाला सध्याचा चांगला उपचार मिळणार की नाही, हे विचारावे. माहितीपत्रक मराठीत मागावे आणि घरी नेऊन वाचावे. इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, ती कागदावर लिहिलेली आहे काय ते पाहावे. मधूनच बाहेर पडण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. अंगठा उठवण्यापूर्वी वस्तीतील शिकलेल्या मुला-मुलींकडून कागद वाचून घ्यावा.

जी गोष्ट अभ्यासाची, तीच जाहिरातीची. "हजारो रुग्णांना गुण आला" असे कोणी म्हणाले तर एकच विचारा, "ज्यांनी हे औषध घेतले नाही, त्यांच्यातील किती बरे झाले?" उत्तर मिळाले नाही, तर खिशात हात घालू नका. क्षयाची सुरू असलेली औषधे तर अशा कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण डॉक्टर होतील, काही परिचारिका, काही औषधनिर्माते. सर्वांनाच वैद्यकीय प्रवेश मिळेल असे नाही. परंतु संख्याशास्त्र, प्रयोगशाळेचे तंत्र, समाजकार्य, या वाटांनीही संशोधनात जाता येते. कोणता प्रश्न विचारायचा हे जेथे ठरते, त्या टेबलापाशी आपली मुले-मुली बसली पाहिजेत. उपाशी घराचा प्रश्न उपाशी घर पाहिलेल्यालाच आधी सुचतो. आजवर आपली माणसे अभ्यासात रुग्ण म्हणून मोजली गेली. यापुढे त्यांनी मोजणाऱ्यांच्या रांगेतही उभे राहावे, अशी आमची अपेक्षा आहे.