पंप घेतल्यावर चूळ भरा

(कोल्हापूर येथे मंडळीच्या सभेत आमच्या आरोग्यसेविकेने केलेले भाषण)



तुमच्या देणगीतून दम्याच्या मुलांसाठी पंप आले, त्याबद्दल आभार मानायचे आहेतच. पण आधी एक चूक सांगते. ती आमची आहे.

गगनबावड्याकडच्या एका वाडीवरची सात वर्षांची मुलगी. पंप सुरू झाल्यावर तिचा रात्रीचा खोकला थांबला. काही आठवड्यांनी आजीला तिच्या जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले. घसा दुखत होता, आवाजही बसला होता. "औषध उष्ण पडलं," म्हणून आजीने पंप फळीवर ठेवून दिला. मग पावसाळा आला, दारं-खिडक्या बंद, घरात चुलीचा धूर. पोरीला बापाने पाठीवर घेऊन आणलं तेव्हा तिला दोन शब्द बोलवत नव्हते. ती वाचली. आजीला दोष कसा द्यायचा? चूळ भरायला आम्ही सांगितलंच नव्हतं.

रोज घ्यायच्या पंपात ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असतं. फवाऱ्यातलं बरंचसं औषध तोंडात आणि घशातच बसतं. कॅन्डिडा नावाची बुरशी निरोगी माणसाच्या तोंडातही असते; औषधाने तिथली प्रतिकारशक्ती मंदावली की ती वाढते. म्हणून पंप बंद करायचा नाही. डॉक्टरांना दाखवा, तोंडात लावायच्या औषधाने बहुधा भागतं.

दात घासण्याआधी पंप घ्या, म्हणजे चूळ आपोआप भरली जाते. ते पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. चूळ न जमणाऱ्या लहानग्याला पाणी पाजा. मास्क लावत असाल तर चेहराही पुसा.

फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पुढे लावायची पोकळ नळी असली, की घशात औषध कमी बसतं. ती महाग पडते. केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं, की धाप लागलेल्या मुलांना अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात पंप घट्ट बसवला, तर तीही विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. भोक मात्र पंपाच्या तोंडाच्या मापाचंच हवं, फट राहिली की औषध बाहेर जातं. साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता वाळवायची.

तेव्हा येत्या रविवारी शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन आणा. टोपणं नकोत.