ज्युलियन बाँड : एका आसनाची कथा



अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या विधानसभेवर १९६५ साली ज्युलियन बाँड हे २५ वर्षांचे कृष्णवर्णीय तरुण निवडून आले. व्हिएतनाम-युद्धाच्या निषेधास त्यांनी पाठिंबा दिला. एवढ्यावरून जानेवारी १९६६ मध्ये सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना आसन नाकारले. मतदारांनी त्यांनाच पुनश्च निवडले. अखेर डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने एकमुखी निर्णय दिला. पुढे १९८७ पर्यंत त्यांनी राज्याच्या दोन्ही सभागृहांत काम केले. २०१५ साली ते निवर्तले.

बहुमताने कारभार चालावा, हे योग्यच. परंतु एकट्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार बहुमतासही नाही. आपल्या ज्ञातिसभेतही एखादा तरुण विरोधी मत मांडू लागेल, तेव्हा त्याचे आसन अढळ राहो!